ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात टिकणारा बिनपंख्याचा संगीत-संगणक

संगणकातल्या पंख्याचा आवाज लहान असतो, पण त्याला ठरावीक स्वर असतो, आणि गाणे ऐकताना अडचण होते ती त्या स्वराची. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात, एकाच जागेवरून ३५० पाती जातात आणि खोलीत ३५० हर्ट्‌झचा बारीक सूर सतत भरून राहतो. काळी एकच्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा १३८.६ हर्ट्‌झला लावल्या, तर खर्जाची तार ६९.३ हर्ट्‌झची होते आणि तिच्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार तिच्या पाचपट, म्हणजे ३४६.५ हर्ट्‌झचा येतो. पंखा या गंधाराच्या शेजारीच, पण साडेतीन हर्ट्‌झने चढा लागलेला असतो. दोन्ही सूर एकत्र ऐकू आले की सेकंदाला साडेतीन वेळा आवाजात हेलकावा येतो, आणि ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झालेला आहे त्याला तो हेलकावा तबल्याच्या ठेक्यातूनही टोचत राहतो.

यावर ग्वाल्हेरचा माणूस साहजिकच म्हणेल की मे महिन्यात डोक्यावर छताचा पंखा आणि खिडकीत कूलर धडधडत असताना संगणकाच्या पंख्याचे काय घेऊन बसलात. आक्षेप योग्य आहे. परंतु ऑक्टोबर ते मार्च या काळात आपल्याकडे रात्री खिडक्या बंद असतात आणि रस्ता लवकर शांत होतो. गाणे मन लावून ऐकण्याचे दिवस हेच असतात, आणि पंख्याविना संगणकाचा लाभही याच दिवसांत मिळतो. गंमत अशी, की त्याची परीक्षा मात्र उरलेल्या सहा महिन्यांत होते. म्हणून हा संगणक जानेवारीत ऐकण्यासाठी असला, तरी तो मे महिन्याच्या दुपारसाठी बांधला पाहिजे. पुढची सगळी निवड या एका गोष्टीवरून ठरते.

उष्णतेचा हिशेब

पंखा काढून टाकला की उष्णता बाहेर नेण्याचे काम धातूचा पृष्ठभाग आणि तापून आपोआप वर जाणारी हवा यांच्यावर येते. याचा हिशेब सोपा आहे. एक वॅट उष्णता वाहून नेताना हवा आणि प्रोसेसर यांच्यात जितक्या अंशांचा फरक पडतो, तो त्या हीटसिंकचा, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या पाकळीदार धातूच्या ठोकळ्याचा, आकडा होय. हा आकडा चार असेल आणि प्रोसेसर सात वॅट खात असेल, तर प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा २८ अंशांनी अधिक तापलेला राहील. जानेवारीत खोली १६ अंशांवर असेल तर प्रोसेसर ४४ अंशांवर असतो, आणि बंद खोलीत दुपारी हवा ४० अंशांवर पोहोचली तर तो ६८ अंशांवर जातो. हवा कितीही तापली तरी ही वाढ जवळपास तेवढीच राहते, आणि त्यामुळे हिवाळ्यात घेतलेल्या मापावरून उन्हाळ्याचा अंदाज बांधता येतो.

मी पहिला असा संगणक बांधला तेव्हा हे गणित केले नव्हते. जुन्या डेस्कटॉपमधला ३५ वॅटचा प्रोसेसर काढून त्याच्यावर मोठा हीटसिंक बसवला आणि संगणकाची पेटी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या बैठकीतील कोनाड्यात ठेवली, कारण ती तिथे शोभून दिसत होती. डिसेंबरातल्या तानसेन समारोहाच्या दिवसांपासून होळीपर्यंत तिने उत्तम काम केले. मे महिन्यात मात्र ती ऐन विलंबितात आपोआप बंद पडू लागली, आणि तीही दुपारी नव्हे, तर रात्री दहाच्या सुमारास. कारण नंतर लक्षात आले. दगडी जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते परत देते. त्यामुळे रात्री खोलीतली हवा थोडी निवलेली असली तरी कोनाड्याची पाठ तापलेलीच असते, आणि तीन बाजूंनी बंद असलेल्या त्या जागेत तापलेली हवा वरच्या कमानीखाली अडकून बसते. हीटसिंकला मिळणारी हवा खोलीतली नव्हती, कोनाड्यातली होती.

म्हणून जागेविषयीचा नियम आधी सांगतो. पेटी कोनाड्यात, काचेच्या शोकेसमध्ये, ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये. तिच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर आणि वर किमान एक वीत मोकळी जागा असावी. कूलरच्या थेट झोतात ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो झोत ओलसर असतो आणि धूळ आणतो; ओलावा आणि धूळ एकत्र आली की पाकळ्यांवर जो थर बसतो तो कोरड्या कुंचल्याने निघत नाही.

काय घ्यावे

गाणे वाजवणे हे संगणकासाठी अतिशय हलके काम आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट आणि दोन वाहिन्या असा असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट. एका तासाला ६३५ मेगाबाइट. फ्लॅक या बिनतोट्याच्या स्वरूपात तेच सुमारे निम्म्या जागेत मावते, आणि फ्लॅक उलगडायला प्रोसेसरची शक्ती नगण्य लागते. चित्रपट पाहणे, खेळ खेळणे, आवाजावर निरनिराळ्या गणिती प्रक्रिया करणे या इच्छा आत्ताच बाजूला ठेवाव्यात. त्यांतली प्रत्येक इच्छा वॅट वाढवते, आणि वाढलेला वॅट शेवटी पंखा परत आणतो.

२०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन-१०० हा प्रोसेसर या कामासाठी मला सर्वांत सोयीचा वाटतो. त्याची नेमून दिलेली मर्यादा ६ वॅटची आहे, तो बोर्डावरच पक्का बसवलेला येतो, आणि १७ सेंटिमीटर चौरसाच्या मिनी-आयटीएक्स बोर्डांत त्याचे असे नमुने मिळतात ज्यांच्यावर हीटसिंक आधीच लावलेला असतो. यांतही १९ व्होल्टचा लॅपटॉपसारखा ॲडॉप्टर सरळ लावता येईल असा बोर्ड निवडावा, म्हणजे पेटीत पॉवर सप्लाय ठेवावा लागत नाही आणि त्याची उष्णता व त्याचा पंखा दोन्ही टळतात. आठ जीबीची एक रॅम पुरून उरते.

रास्पबेरी पाय हा एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक हा दुसरा मार्ग आहे. चौथ्या आवृत्तीपासून त्याच्या यूएसबीवरची जुनी अडचण, म्हणजे नेटवर्क आणि यूएसबी यांनी एकच वाट वाटून घेणे, संपली आहे. पूर्ण ॲल्युमिनियमच्या, पाकळ्या असलेल्या कवचात तो बसवला तर पंखा लागत नाही. परंतु तो ८० अंशांच्या पुढे स्वतःचा वेग कमी करू लागतो, तर एन-१०० ची मर्यादा १०५ अंशांची आहे, आणि आपल्या शहरात हा फरक कागदावरचा राहत नाही. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आहे: बँका आणि कार्यालये ज्यांना थिन क्लायंट म्हणतात, ती बिनपंख्याची छोटी यंत्रे जुन्या बाजारात निघतात. दिल्लीला नेहरू प्लेसला चक्कर होणार असेल तर तिथे शोधावीत. घेताना मात्र झाकण उघडून आत खरोखर पंखा नाही ना, हे पाहूनच घ्यावे.

साठवणीसाठी फिरणारी हार्ड डिस्क नको, कारण तिची घरघर आणि खटखट दोन्ही ऐकू येतात. एसएसडी घ्यावी, आणि तीही शक्यतो अडीच इंची साटा प्रकारची. बोर्डात खोचायच्या एनव्हीएमई पट्ट्या वेगवान असतात, पण त्या तापतात, आणि गाण्याला त्या वेगाचा काडीचाही उपयोग नाही. एक टेराबाइटमध्ये फ्लॅक स्वरूपातले अडीच हजार तासांहून अधिक संगीत मावते. रोज दोन तास ऐकले तरी तीन वर्षे पुनरावृत्ती होणार नाही.

पेटी ॲल्युमिनियमची असावी. ज्या पेट्यांत प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या हीटपाइपने थेट बाजूच्या पाकळीदार भिंतीला पोहोचवली जाते, त्या उत्तम, पण महाग असतात आणि बहुधा बाहेरून मागवाव्या लागतात. सहा वॅटच्या प्रोसेसरला तो खर्च आवश्यक नाही. बोर्डावर हीटसिंक आधीच असेल तर तळाला आणि माथ्याला जाळी असलेली साधी पेटी चालते. खालून गार हवा शिरते, वरून तापलेली निघते आणि पेटी स्वतःच धुराड्यासारखे काम करते. बाजूंनाच छिद्रे असलेली पेटी घेऊ नये. उघडी चकचकीत धातू प्रारणाने फारच थोडी उष्णता टाकते, तर ॲनोडाइझ केलेला पृष्ठभाग कितीतरी अधिक टाकतो, म्हणून पॉलिशच्या चमकेला भुलू नये.

जोडणी

हिवाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते आणि स्वेटर काढताना ठिणगी उडते. तीच ठिणगी बोर्डाला मारू शकते. सुती कपडे घालून, अर्थिंग असलेल्या धातूला हात लावूनच काम सुरू करावे.

हीटसिंक वेगळा बसवायचा असेल तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये लावायची पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यावी. पेस्टचे काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म खाचा भरण्याचे आहे. ती स्वतः ॲल्युमिनियमच्या मानाने उष्णतेची फार वाईट वाहक आहे, त्यामुळे जाड लेप म्हणजे मध्ये घातलेले पांघरूणच. स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळावेत. पेटी अशी ठेवावी की हीटसिंकच्या पाकळ्या उभ्या राहतील आणि त्यांच्यामधून हवा खालून वर सरळ जाईल. आडव्या पाकळ्यांखाली तापलेली हवा कोंडते. तीच पेटी नुसती उभी केल्याने तापमान काही अंशांनी उतरते आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. एसएसडी पेटीच्या धातूच्या भिंतीला स्क्रूने घट्ट बसवावी. धातूच्या बंद पेटीत वायफाय नीट पोहोचत नाही, म्हणून अँटेना बाहेर काढावी किंवा लॅनची तार लावावी.

संगणक सुरू झाल्यावर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, तीन बदल करावेत. पहिला, वीज खाण्याची मर्यादा, दीर्घ आणि अल्प दोन्ही, ६ वॅटवर बांधावी, कारण अनेक बोर्ड ती परस्पर वाढवून ठेवतात. दुसरा, वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे अशी सोय करावी. तिसरा, नको असलेली उपकरणे, म्हणजे बोर्डावरचा ध्वनिविभाग, सिरियल पोर्ट वगैरे, बंद करावीत.

आवाज कुठे तयार होतो

संगणकाने फक्त आकडे वेळेवर पोहोचवायचे असतात. त्या आकड्यांचा आवाज डॅक हे संगणक आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडायचे उपकरण बनवते. आजचे बहुतेक यूएसबी डॅक असिंक्रोनस पद्धतीचे असतात, म्हणजे नमुन्यांची लय डॅकमधले घड्याळ ठरवते आणि संगणकाकडून लागेल तसा माल मागवून घेते. त्यामुळे खास संगीतासाठीची म्हणून विकली जाणारी महागडी यूएसबी तार किंवा एसएसडी घेण्यात मला अर्थ दिसत नाही. तो पैसा डॅक, स्पीकर आणि खोलीतला जाड गालिचा यांवर घालावा.

प्रणाली म्हणून डेस्कटॉपविना डेबियन लिनक्स घ्यावी आणि तीत एमपीडी हा वादक-प्रोग्राम बसवावा. संगणकाला पडदा, माउस काही लागत नाही. गाणे फोनवरच्या ॲपमधून निवडायचे. एमपीडीचे आउटपुट थेट अल्सामार्फत, म्हणजे लिनक्सच्या मूळ ध्वनियंत्रणेमार्फत, डॅकला जोडावे, म्हणजे मध्ये कोणी सेकंदाला ४४.१ हजार नमुन्यांचे ४८ हजार करून ठेवत नाही, आणि आवाजाची पातळी संगणकात न बदलता ॲम्प्लिफायरवरच बदलावी. रास्पबेरी पाय असेल तर मूड ऑडिओ किंवा व्हॉल्युमिओ या तयार प्रणालींत हे सगळे आधीच जुळवलेले मिळते.

फायलींना नावे देताना शास्त्रीय संगीताची वेगळी गोची होते. बाहेरच्या पद्धतीत गायक, अल्बम आणि गाणे इतकेच रकाने मुख्य असतात. रागाला रकानाच नाही. मी राग ग्रुपिंगच्या रकान्यात लिहितो, म्हणजे सगळे यमन एका ठिकाणी निघतात. नावाचे एकच रूप पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिहून ठेवावे. कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांचे नाव माझ्याकडे कुठे ‘पंडित’ आधी, कुठे नुसते ‘कृष्णराव पंडित’, कुठे पूर्ण असे पडले होते आणि ग्वाल्हेर घराण्यात त्या नावाचे तीन गायक झाले होते. सीडीवर विलंबित आणि द्रुत बहुधा दोन स्वतंत्र ट्रॅक असतात. एमपीडी ते खंड न पाडता वाजवतो, मात्र त्यासाठी दोन्ही फायली एकाच स्वरूपात आणि एकाच नमुना-दराने उतरवलेल्या असाव्यात.

शांततेची परीक्षा

पंखा नाही म्हणजे आवाज नाही असे होत नाही. बोर्डावरच्या आणि ॲडॉप्टरमधल्या छोट्या कॉइल प्रवाहाच्या चढउताराबरोबर थरथरतात आणि बारीक किणकिण करतात. रात्री सगळे बंद करून, वर्तमानपत्राची नळी करून एक टोक कानाला आणि दुसरे पेटीच्या एकेका भागाजवळ न्यावे. आवाजाचा उगम लगेच कळतो. तो ॲडॉप्टरमधून येत असेल तर ॲडॉप्टर बदलावा. मला स्थानिक दुकानातून घेतलेला पहिला ॲडॉप्टर तासाभरात परत करावा लागला. तो बोर्डातून येत असेल तर बायोसमधली खोल निद्रेची अवस्था बंद करून पाहावे; प्रोसेसरचे सतत झोपणे-उठणे थांबले की किणकिण बहुधा थांबते, एखाद-दुसरा वॅट तेवढा वाढतो.

स्पीकरमधून येणारी घूं ही वेगळी तक्रार आहे आणि तिचे मूळ बहुतेक वेळा घराच्या वायरिंगमध्ये असते. शहरातल्या महाराज बाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंग असतेच असे नाही. आधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यावे. मग संगणक, डॅक आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावेत, म्हणजे त्यांच्या अर्थिंगच्या वाटा वेगळ्या राहत नाहीत. एवढ्यानेही घूं गेली नाही तर ऑप्टिकल जोडणी वापरावी. तिच्यात तांब्याची तार नसून प्रकाश जातो, म्हणून विजेचा संबंधच तुटतो. ॲम्प्लिफायरची अर्थिंगची पिन मोडून घूं घालवण्याचा सल्ला काही जण देतात. तो कधीही मानू नये. त्या पिनेवर घरच्यांचा जीव अवलंबून असतो.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर संगणक चालत राहील, पण इन्व्हर्टर जुन्या स्क्वेअर वेव्ह पद्धतीचा असेल तर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ही तक्रार राहत नाही. इन्व्हर्टर नसेल तर प्रणालीचा भाग फक्त वाचनासाठी जोडून ठेवावा, म्हणजे अचानक अंधार झाला तरी त्यातील फायली बिघडत नाहीत. संगीताची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि ती डिस्क एरवी काढून कपाटात ठेवावी. तिच्या घरघरीचा मग प्रश्नच येत नाही.

हे सर्व करूनही ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेली तीन-साडेतीन मिनिटांची जुनी गाणी ऐकताना पंखा गेल्याचा फरक जाणवणार नाही, कारण तबकडीची खरखर पंख्याला सहज झाकते.

वर्षाची देखभाल

लू सुरू होण्यापूर्वी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पेटी बंद करून रंगकामाच्या मऊ, कोरड्या कुंचल्याने पाकळ्या वरून खाली झटकाव्यात. पंखा हवा ओढत नसल्याने आत धूळ थोडीच जाते, पण आंधीनंतर पाकळ्यांवर बसते ती बसतेच. मग पेटी चालू करून, एक तास गाणे वाजू देऊन, खोलीचे तापमान आणि लिनक्समधला सेन्सर सांगतो ते प्रोसेसरचे तापमान, दोन्ही लिहून घ्यावीत आणि त्यांची वजाबाकी पेटीच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर तारखेसह नोंदवावी. माझ्या सध्याच्या पेटीवर पहिली नोंद २६ अंशांची आहे. गेल्या वर्षीच्या तुलनेत ही वजाबाकी पाच अंशांहून अधिक वाढलेली दिसली आणि कुंचल्यानेही ती उतरली नाही, तर पेस्ट वाळली आहे असे समजावे, हीटसिंक काढावा, जुनी पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी आणि नवी लावावी. हे काम एप्रिलमध्येच उरकावे, कारण मे महिन्यात दुपारी स्क्रूसुद्धा हाताला चटका देतात.